काचेची पट्टी

जुनं नाट्यगृह वाचवण्यात कलाखात्याच्या साहेबांनी उभी हयात घालवली, म्हणून त्यांचा निरोप समारंभही तिथेच ठेवला होता. गर्दी मावेना, तेव्हा साहेबांनी बंद करायला लावलेली गॅलरी कर्मचाऱ्यांनी उघडली आणि त्यांच्या बायकोलाही मानाने वर बसवलं.

गॅलरीखालच्या भेगेवर साहेबांनी स्वतः काचेची पट्टी चिकटवली होती. भेग हलली की काच तडकणार. सत्काराच्या टाळ्या सुरू झाल्या आणि स्टेजवर उभ्या साहेबांच्या डोळ्यांदेखत ती तडकली.

त्यांनी माईक ओढून घेतला. गॅलरी कोसळतेय म्हटलं तर वर चेंगराचेंगरी होईल, म्हणून ते एवढंच म्हणाले, "टाळ्या नकोत. पाया पडतो, टाळ्या थांबवा."



"गर्वाचा लवलेश नाही बघा माणसाला," म्हणत अख्खी गॅलरी उभी राहिली आणि दुप्पट जोराने टाळ्या पिटू लागली.