कोलशेतच्या मातीचा गुण

"आमची गांडुला साधी नाय हां मॅडम," काळुराम म्हणाले आणि गांडूळखताच्या खड्ड्यावरचं ओलं गोणपाट त्यांनी दागिन्यांच्या पेटीचं झाकण उघडावं तसं उचललं.

डॉ. हेमा वाकून पाहू लागल्या. करिश्मा त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. तिची पीएच.डी. या बाईंच्या एका सहीवर अडली होती. तिच्या प्रयोगाचा निकाल त्यांना खरा वाटेना, म्हणून त्या वर्तकनगरहून थेट कोलशेतला, तिच्या आजोबांच्या अंगणात येऊन उभ्या होत्या.

"पुन्हा सांग," हेमा म्हणाल्या.

"मॅडम, गांडुळाच्या शरीराच्या पोकळीत द्रव असतो. त्यातली प्रथिनं जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतात. जंतू फुटून मरतात."

"ते पुस्तकातही आहे. पण नर्सरीतल्या गांडुळांचा द्रव बशीतले थोडेच जंतू मारतो आणि तुझ्या आजोबांच्या गांडुळांचा अख्खी बशी साफ करतो. जात एकच. मग?"

"मातीचा गुन हाय तो!" काळुराम मध्येच. "इथं आमची मिठागरा होती. बापाचा घाम मुरलाय या मातीन. बिल्डर रोज दारान गाडी लावतंय. त्याला सांगितला, टॉवर तिकडं बांध, या खड्ड्याला हात नाय लावायचा."

"आबा, जरा गप्प बस ना रे!"

"कनाला गप बसू? मानपाड्याचा व्याही पोराचा बॅनर लावतंय, पोरगा इंजिनेर झाला म्हनून. आमची पोर गांडुलाचे पोटातून औषध काढतंय! मी अख्ख्या नाक्यावर बॅनर लावीन."

हेमांना हसू आवरेना. "आणि द्रव एवढा पिवळा?"

"या जातीचा पिवळसरच असतो, मॅडम."

"हो, असतो खरा." त्यांनी चिमूटभर माती बोटांत चोळली. खारट जमिनीत तगायचं म्हणून हे गांडूळ जास्त प्रथिन बनवत असेल? तसं असेल तर शोध मोठा होता. "करिश्मा, इथली गांडुळं मी माझ्या प्रयोगशाळेत नेते. माझ्याही हातून हाच निकाल आला तर लगेच सही. आणि प्रथिनाच्या नावात कोलशेत."

करिश्माचे डोळे भरून आले. काळुरामांनी घराकडे तोंड करून अशी हाक मारली की शेजारच्या टॉवरमधले दोघेतिघे गॅलरीत आले.

"आवडे! मॅडमना गांडुला दे डब्यान! नातीला देतंस तशीच दे, काय कमी नको!"

आत भांड्यांचा आवाज झाला. बऱ्याच वेळाने करिश्माची आजी, आवडाबाई, पदर खोचून बाहेर आल्या. डबा त्यांनी दोन्ही हातांनी हेमांच्या पुढे धरला. हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते.

"घ्या मॅडम. हलदीचे पान्यान मस्त न्हाऊ घातलीत. करिश्मालाबी दर टायमाला अशीच देतंय. आमचे घरातून कोनी जायाला निंगाला, तं हलद लावल्याबिगर कसा पाठवाचा?"