वळणाचे शब्द

योगेशला सरळ बोलता येईनासं झालंय, अशी गोदाबाईंची तक्रार होती. आधी गोड बोलायचं, मग इंग्रजीत एक कोलांटी मारायची आणि पुढे कडू तेच ओकायचं. "रिक्षावाला वळताना निदान पाय बाहेर काढतो," त्या वरच्या मजल्यावरच्या इंदुबाईंना म्हणाल्या, "हा 'हॅविंग सेड दॅट' काढतो."

हे खूळ हडपसरच्या कंपनीतलं. अमेरिकेत मंदी आली, तसं इथल्या बारा जणांना घरी पाठवायचं ठरलं आणि ते सांगायचं काम योगेशच्या गळ्यात पडलं. कसं सांगायचं, याचा कंपनीने दोन दिवस वर्ग घेतला. आधी माणसाचं कौतुक, मग 'ऑन द अदर हँड', मग घाव. चौथी शिकलेल्या गोदाबाईंना त्यात नवल वाटलं नाही. कसब्यात मुलगी नाकारतानाही आधी पोह्यांचं कौतुक होतंच. त्यासाठी कुणी वर्ग लावत नाही, एवढंच.

खटकलं ते पुढचं. गेल्या गुरुवारी योगेश भर दुपारीच घरी आला. आईला खुर्चीवर बसवलं, समोर स्टूल ओढलं आणि म्हणाला, ऑफिसचा सराव करायचाय, तू नुसती ऐक. पहिला भाग तो तिच्या डोळ्यांत बघून बोलला. 'हॅविंग सेड दॅट'पाशी आवाज चिरकला, नजर खाली गेली आणि बाकीचं त्याने फरशीलाच सांगितलं.

मग रोज संध्याकाळी तेच. कधी 'ऑन द फ्लिप साइड', कधी 'दॅट बीइंग सेड'. वळण बदलायचं, पुढचा रस्ता तोच. गोदाबाई मूग गिळून ऐकत. झालं की म्हणत, आता मराठीत सांग. तो म्हणे, ऑफिसचं आहे गं, तुला काय करायचंय.

इंदुबाईंना वाटलं, पोराचीच नोकरी गेली असणार. रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसत असेल. तसं त्यांनी चाचरत बोलूनही दाखवलं.

"काय गेलंय ते त्याने सांगावं," गोदाबाई म्हणाल्या. "त्याच्या तोंडाने, मराठीत. तोवर मी ताकास तूर लागू देणार नाही."

इंदुबाईंनी विषय सोडला. तशाही गोदाबाई आठवडाभर तिरसटच होत्या. गुडघे धरलेत म्हणून देवपूजा इंदुबाईंवर टाकलेली, पण पूजा झाल्यावर चहा विचारायचं नाव नाही. संकष्टीला हाकेच्या अंतरावरच्या गणपतीलाही गेल्या नाहीत. इंदुबाईंनी नातवाच्या वाढदिवसाचा शिरा आणला, तर साखर वाढलीय म्हणून वाटी तशीच परत. रविवारी अमेरिकेहून धाकट्या मुलाचा, शुभंकरचा फोन यायचा, तोही आला नाही. योगेश घाईघाईने म्हणाला, मंदीमुळे त्याच्यावर कामाचा डोंगर आहे. गोदाबाई नुसतं "बरं" म्हणाल्या.

शनिवारी मात्र त्या सकाळीच डोक्यावरून न्हाल्या. घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं भिजवली. ओल्या केसांनीच खुर्ची ओढून योगेशसमोर बसल्या आणि म्हणाल्या, कर सराव.

योगेशने घसा साफ केला. कौतुकाचा भाग आज त्याने लांबवला. वळणाचा शब्द काही केल्या फुटेना.

"हॅविंग सेड दॅट," गोदाबाईंनीच तो सांगितला.

योगेशने मान वर केली.

"ब्रदर म्हणजे काय आणि डेड म्हणजे काय, हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही," त्या म्हणाल्या. "शुभंकरचं सुतक दहा दिवस मी एकटीनं पाळलं, योगेश. तू आईला रडायचीसुद्धा चोरी केलीस."