धाकटीच्या गोळ्या

या मायबाप, टाळ खाली ठेवा आणि असे जवळ सरका. आज देवाची नाही, कळसाडीच्या दोन सवतींची गोष्ट सांगायची आहे.

रूपचंदच्या दोन बायका, थोरली कस्तुरा आणि धाकटी शेवंता. दोघींचीही कूस उजवेना. तेव्हा सासू जसोदाबाईनं दोन औषधांची परीक्षाच मांडली. थोरलीला वैदूच्या मुळीचा काढा. धाकटीला सुरतेच्या डॉक्टरच्या, बीज पिकवणाऱ्या नव्या गोळ्या.

"जिले दिवस जातीन ती ऱ्हाई," सासू म्हणाली. "दुसरीनी माहेरनी वाट धरानी."

कस्तुराचा काढ्यावर भरवसा नव्हता. तिनं धाकटीच्या गोळ्या चोरून स्वतः गिळल्या आणि तिच्या डबीत खडूच्या गोळ्या वळून ठेवल्या. होळीच्या सुमाराला कस्तुराला दिवस गेले. जसोदाबाईनं गावभर काढ्याचा डंका पिटला आणि धाकटीचं गाठोडं अंगणात फेकलं.

शेवंता ते उचलायला वाकली, तशी कस्तुरा ओट्यावरून हसली. "काय वं, सुरतनी गोळी फुकट गयी ना?"

शेवंता गाठोडं काखेत मारून तिच्या कानाशी आली.

"फुकट कशी जाई? तुन्हा पोटमा गयी. खडू जिभवर ठेवताच समजस, अक्का. पन माले माहेरमा माय शे. तुन्हं कोन शे?"

मायबाप, पुढं कुणा लेकीसुनेची ओटी भराल, तेव्हा चिमूटभर तांदूळ त्या शेवंताच्या नावानं बाजूला काढा.