बटण आणि प्रस्तावना

"चावला! चावला हो बाई!" टेलरमास्तर ओरडले आणि त्यांनी दोन सशांच्या मध्ये टॉवेल टाकला.

"कुठे चावला? तिच्या कानावर जीभ फिरवतोय तो," कमोडच्या झाकणावर बसलेल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या.

बाथरूम मास्तरांचं होतं. त्यांचा ससा बटण अख्ख्या घरात फक्त तिथेच कधी फिरकला नव्हता. सशांची ओळख परक्या जागेतच करून द्या, नाहीतर घरचा पाहुण्याला फाडून खाईल, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बाई रोज संध्याकाळी आपली ससीण प्रस्तावना टोपलीत घालून आणत आणि मास्तर पालथ्या बादलीवर बसून पहारा देत. जुळलं की जोडप्याने बाईंच्या अंगणात नांदायला जायचं, असं ठरलं होतं.

घोडं तिथेच पेंड खात होतं. बटण गेला तर एकट्या मास्तरांनी ते कसंबसं सोसलं असतं. पण मग बाई तरी कशाला येतील? मास्तरांना बाई मनापासून आवडत होत्या. सांगायची मात्र छाती नव्हती. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या छातीची मापं घेण्यात गेलेलं.

मग त्यांनी काड्या घालायला सुरुवात केली. एकमेकांच्या वासाची सवय व्हावी म्हणून डॉक्टरांनी प्रस्तावनेच्या अंगावरून फिरवलेलं फडकं बटणाजवळ ठेवायला सांगितलं होतं. मास्तरांनी ते साबणाने धुतलं आणि वर कडक इस्त्रीही मारली. तरी मेला बटण त्यावरच झोपायचा.

आज तर तो टॉवेलखालून सरपटत गेला आणि प्रस्तावनेला खेटून त्याने डोळेच मिटले. तिने त्याचं कपाळ चाटलं. आता ओरडायला काही जागाच उरली नव्हती.

"जुळलं म्हणायचं," बाई म्हणाल्या आणि दोघांना एका टोपलीत घालून घेऊन गेल्या. मास्तर टॉवेलची घडी घालत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. उसवायला बसले तोच दाराची बेल वाजली.

दारात बाई. एका हातात बटण-प्रस्तावनेची टोपली, दुसऱ्या हातात नवी. नवीत एक काळाकुट्ट ससा रागाने पाय आपटत होता.

"हा कोण?"

"आजच विकत घेतला," बाई थेट बाथरूमकडे निघाल्या. "दुकानदाराला निक्षून सांगितलं, सगळ्यात भांडकुदळ असेल तोच द्या."