चाळीस सेकंदांचा रांजण

लॅपटॉपवर दोन चित्रं शेजारी शेजारी थांबवलेली होती. दोन्हींत रांजण होता.

एक रांजण लग्नांची शूटिंग करणाऱ्या बन्सीधरांचा, अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या कॅसेटमधला. दुसरा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या परमेश्वरच्या नव्या लघुपटातला. दोन्ही लिंबाखाली, दोन्ही जरा तिरपे, दोन्ही बरोबर चाळीस सेकंद. परमेश्वरचा रांजण जास्त स्वच्छ दिसत होता, एवढाच काय तो फरक.

"जुळे हायेत जनू," वच्छलाबाई चहा ठेवत म्हणाल्या.

"तोच तर घोळ झालाय, काकू," परमेश्वर म्हणाला.

घोळ असा, की परमेश्वरच्या लघुपटाला पुण्याच्या एका महोत्सवात पहिलं बक्षीस जाहीर झालं आणि आठवड्याच्या आत कुणीतरी हे दोन रांजण जोडीनं आयोजकांना पाठवून दिले. जुना रांजण त्या माणसाला सापडला, कारण तो इंटरनेटवर होता. टाकला होता परमेश्वरनंच, मोठ्या भक्तिभावानं, वर 'मानवत गावचा दुर्लक्षित प्रतिभावंत' असं लिहून. आता नक्कल झाली की नाही हे ठरवण्यासाठी मूळ कलावंताच्या सहीचा अर्ज शुक्रवारपर्यंत पोचला नाही, तर बक्षीस जाणार होतं आणि परमेश्वर जन्मभर चोर म्हणून ओळखला जाणार होता.

"मी चोरी न्हाई केली, काका. मानवंदना हाय ती. दोन दिवस लागले त्या चाळीस सेकंदाला. तुमचा कॅमेरा बाविसाव्या सेकंदाला एक हिसका खातो, खातो का न्हाई? तो बी घेतलाय. अकरा टेक झाले."

"हिसका बी घेतला?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"सीनचा जीव हाय तो, काकू! काकांनीच तर शिकवलं. रडती नवरी कुणीबी दाखवतं. काकांनी नवरी सोडली आन रांजण धरला. बाप म्हंजी भरला रांजण. आतून काठोकाठ, वरून गप."

"मी म्हणलो होतो असं?" बन्सीधर म्हणाले.

"दर लग्नात म्हणायचे तुमी."

म्हणायचे खरे. एका प्राध्यापकानं त्या रांजणाचा अर्थ विचारला, तेव्हा ते त्यांना उभ्या उभ्या सुचलं होतं. प्राध्यापकानं वहीत लिहून घेतलं. मग बन्सीधरांनीही तेच धरून ठेवलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि परमेश्वरचा रांजण पुन्हा एकदा पाहिला.

"नवरी कुठं उभी केली होती तू?"

"कुठली नवरी?"

"रांजणाच्या पल्याड. जीपपाशी."

"काका, कॅमेरा रांजणावर हाय. तिकडं कुणाला कशाला उभं करू? सगळ्यांना जेवायला पाठवलं होतं."

"ह्यांच्या टायमाला होती की," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमची राजेश्रीच होती. बाहेरचा कॅमेरावाला आणला तर लोक हसतील म्हणून पोरीच्या लग्नाची शूटिंग ह्यांनीच केली. कन्यादानापुरता खाली ठेवला कॅमेरा, तेवढाच. जीपपाशी पोरगी दोनदा वळली. बापाकडं बघायली. आन बाप रांजणाचा फोटो काढायलाय! सोलापूरहून आली की अजून इचारते ती मला, आई, बाबा तवा कुठं बघायलते?"

"तिच्याकडंच बघायलो होतो."

"ऱ्हाऊ द्या. कॅसेट हाय की समोर."

"दिसत नव्हतं गं मला." बन्सीधर बायकोकडे न बघता म्हणाले. "डोळे भरले होते. कॅमेऱ्याच्या त्या भोकातून नुसतं पांढरं पांढरं दिसायलं होतं. मला वाटलं, पोरगीच हाय समोर. कॅमेरा कवा सरकला कळलंच न्हाई. रात्री कॅसेट लावली, तवा रांजण निघाला."

चहावर साय धरली.

"मंग तो हिसका?" परमेश्वरनं विचारलं.

बन्सीधरांनी खांदा एकदा उचलून दाखवला, हुंदक्याला उचलतो तसा.

"अठ्ठावीस वर्सं झाली," वच्छलाबाई म्हणाल्या. "मला एका शब्दानं सांगितलं न्हाई तुमी. तिला तरी सांगायचं."

"लोक कला म्हणायलते. मंग ऱ्हाऊन गेलं."

परमेश्वरनं लॅपटॉप मिटला. पण शुक्रवार परवावर आला होता. त्यानं अर्ज हळूच पुढं सरकवला आणि वर पेन ठेवलं.

अर्जात दोनच प्रश्न होते. 'नव्या दृश्यात काय दाखवले आहे?' त्यापुढं परमेश्वरनं सुवाच्य अक्षरात 'पाण्याचा रांजण' असं लिहून आणलं होतं. 'मूळ दृश्यात काय दाखवले आहे?' ह्याच्यापुढची जागा कोरी होती.

बन्सीधरांनी पेन हातात धरलं. मग एका दमात लिहिलं, 'माझी मुलगी सासरी जाते. जीपपाशी दोनदा वळून माझ्याकडे बघते.' खाली सही केली.

परमेश्वरनं वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उजळला.

"काका, ह्यातलं तर माझ्या पिच्चरमधी काहीच न्हाई! मंग नक्कल कशी म्हणतील? सुटलो की मी!"

बन्सीधरांनी पेनाला टोपण लावलं.

"हां," ते म्हणाले, "तू सुटलास."