लाभ, दोन, तीन

"सव्वीस!" मुकादम धोंडबा ओरडला आणि कारकून जितेंद्रने वहीत रेघ मारली. सत्ताविसाव्या पोत्याला त्याच्या हातातलं पेन खाली पडलं.

पेन उचलायला तो वाकला, तो तसाच खाली बसला. छाती आवळून आली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास घशातच अडकला. अमरावती रोडवरच्या वाडीतल्या त्या गोदामाची दोन्ही शटरं सताड उघडी होती, तरी त्याला हवा पुरेना.

महिन्याभरातली ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा मालकाच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही वेळा ईसीजी निघाला आणि डॉक्टर म्हणाले, "काही नाही. घरी न्या." दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात; याचं दवाखान्याच्या पायरीवरच पळून जायचं. तेव्हापासून हमाल त्याला पाठीमागे 'काहीनाही साहेब' म्हणू लागले होते. माणसाला डोळ्यांपुढे मरण दिसावं आणि जगानं त्याला काही नाही म्हणावं, याची लाज मरणाहून वाईट. आज सकाळीच त्याने राजीनामा लिहून शर्टाच्या खिशात ठेवला होता. संध्याकाळी मालकाच्या टेबलावर ठेवला की सुटला.

"मिरगी आहे, मिरगी!" पियूष पाठीवरचं पोतं टाकून धावत आला. त्याने पायातली चप्पल काढून जितेंद्रच्या नाकाशी धरली. "हुंगा साहेब, हुंगा!"

"चप्पल घाल पायात," धोंडबा म्हणाला. "मिरगी नाही थे. सरका सगळे. ट्रकपाशी थांबा."

तो पोत्यांच्या थप्पीला टेकून जितेंद्रच्या शेजारी बसला. साठीचा माणूस, पोती वाहून एक खांदा दुसऱ्याहून खाली आलेला.

"धोंडबाजी, मी मरून राहिलो."

"वाटते तसं. अगदी तसंच वाटते." धोंडबाने त्याचा हात धरला. "पण मरत नाही गा. येते, चढते अन् उतरते. आता चढून राहिली."

"गाडी बोलवा."

"बोलावतो. पयले वीस पोती मोजू. नाही उतरली, तं गाडी आहेच."

धोंडबाची मोजायची रीत जुनी. पहिल्या पोत्याला तो एक म्हणत नसे, लाभ म्हणे. एकापासून सुरुवात केली तर माल एकावरच थांबतो, असं त्याचं म्हणणं. काट्यावर लाल आकडे उमटत असताना म्हातारा तोंडानं मोजतो, म्हणून पोरं हसत.

"पोतं उतरवताना श्वास कसा सोडतो आपण? सावकाश. फेकलं तं फुटते. तसा सोड. लाभ…"

जितेंद्रचा श्वास भसकन सुटला.

"फुटलं," धोंडबा म्हणाला. "दुसरं घे. लाभ…"

तीन पोती फुटली. चौथं नीट उतरलं. अकराला बोटं मोकळी झाली, चौदाला त्याला अमरावती रोडवरचे हॉर्न ऐकू आले. विसाला तो रडला. धोंडबाने खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला आणि ट्रककडे बघत राहिला.

"डॉक्टर काही नाही म्हणते, म्हंजे हार्ट धड आहे तुयं," तो हळूच म्हणाला. "दुखणंच नाही, असं नाही. याले नाव आहे, इलाज बी आहे. मंगळवारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात चाल माह्यासंगं. मनाचा डॉक्टर बसते तिथं."

"तुम्ही काहून जाता तिथं?"

धोंडबाने दुपट्ट्याची घडी केली, खांद्यावर टाकली आणि उठला. "अठ्ठावीस कोण चढवून राहिलं रे?"

संध्याकाळी ट्रक गेला. गोदामाचं अर्धं पोट रिकामं झालं. जितेंद्रने हात-तोंड धुतलं, खिशातला कागद काढला आणि मालकाच्या केबिनकडे निघाला. आज निभावलं, उद्याचं कोणी सांगावं? पुन्हा चारचौघांत खाली बसायची त्याची हिंमत नव्हती.

केबिनच्या अलीकडे पियूष आणि दोघं-तिघं थबकून उभे होते. समोर रिकाम्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून धोंडबा बसला होता. घाम कानामागून वाहत होता. पोती ओढायचा हुक त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"लाभ…" ओठ हलले. "दोन…"

पुढचा आकडा येईना.

"मुकादम काय मोजून राहिले?" पियूष हसला. "माल तं गेला सारा!"

"मोजणी बाकी आहे," जितेंद्र म्हणाला. "तुम्ही जा घरी."

हातातला कागद त्याने उलगडून फरशीवर अंथरला, धोंडबाला लागून त्यावर बसला आणि सावकाश श्वास सोडत म्हणाला, "तीन."