झेंडूच्या एक्केचाळीस पाकळ्या

एक ओरखडलेला पिस्टन, दोन चिकटलेल्या रिंगा आणि सिलिंडर थंड ठेवणाऱ्या खाचांत कोंबल्या गेलेल्या झेंडूच्या एक्केचाळीस पाकळ्या. नगरपालिकेच्या झाडं कापायच्या, जाम झालेल्या चेनसॉमधून निघालेला हा ऐवज गॅरेजवाल्या मालनताईंनी वर्तमानपत्रावर मांडला.

मशीन चालवणारा सोपान मान खाली घालून बघत राहिला. खंडेनवमीला साहेबांनी मशीनला मनगटाएवढा जाड हार घातला होता आणि व्हिडिओसाठी ते सुरू ठेवून, त्याच्या आवाजावर ओरडत, वीस मिनिटं आपत्कालीन सज्जतेवर भाषण ठोकलं होतं. एकविसाव्या मिनिटाला सज्जता जाम झाली.

“हारानं कुठं इंजिन जळतं का?” शेजारी उभे असलेले साहेब खेकसले. “यानं पेट्रोलमध्ये तेलच घातलं नाही. उद्यापासून घरी बस रे.”

“घातलंय, साहेब. पंचवीस मापांना एक,” सोपान पुटपुटला. अकरा वर्षांची रोजंदारी एका वाक्यात चालली होती.

“टाकीत पेट्रोल आहे अजून,” मालनताई म्हणाल्या. “थाळीत ओतून उन्हात ठेवते. पेट्रोल भाषणासारखं असतं साहेब, उडून जातं. तेल असलं तर मागे राहील.”

त्यांनी शंभर मिली मोजून ओतलं. ते उडेपर्यंत सिलिंडर घासून गुळगुळीत केला, नवा पिस्टन आणि रिंगा बसवल्या. साहेब घड्याळ बघत बसले. सोपान थाळीपासून हलला नाही.

चार वाजता मालनताईंनी थाळीत उरलेलं सगळं इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये ओढलं. तेल भरलं पावणेचार मिली: जवळजवळ पंचवीसला एक, सोपाननं सांगितलं तेवढंच.